काहीतरी निघू दे

“मूठ आवळ,” नसीमा म्हणाली आणि तिनं दंडावरचा रबरी पट्टा आणखी ताणला.

मुलीनं मूठ आवळली. शीर लगेच वर आली. सुई आत गेली तरी तिनं तोंड फिरवलं नाही. नळीत चढणाऱ्या रक्ताकडे ती बघत राहिली.

“झालं,” नसीमा म्हणाली. “डास याच्यापेक्षा जास्त पितो.”

“अजून घ्या,” मुलगी म्हणाली. “कमी पडायला नको.”

नसीमानं माझ्याकडे बघितलं. विट्यात माझी लॅब सुरू होऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती आणि नसीमा पहिल्या दिवसापासून माझ्याकडे रक्त घ्यायचं काम करत होती. एवढं कशाला घेता म्हणून भांडणारी माणसं आम्हाला रोज भेटायची. अजून घ्या म्हणणारं कुणी आलं नव्हतं.

“पुरतं एवढं,” मी म्हणाले. “कशासाठी करायच्या आहेत या तपासण्या? पाळी अनियमित आहे का?”

“पाळी येती की येळच्या येळी,” तिच्याबरोबरच्या बाईच बोलल्या. “मॅडम, जरा आत बोलायचं होतं.”

मुलगी तेजल साळुंखे. कराडला होस्टेलवर राहून फार्मसी शिकत होती, शेवटचं वर्ष. बाई म्हणजे तिची आई, शालनताई. वडील हणमंतराव मदुराईला होते. आमच्या भागातले निम्मे पुरुष असेच दक्षिणेत असतात, गलाईच्या धंद्यात. जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं शुद्ध करायचं, हा तो धंदा. घरं इथं, भट्ट्या तिकडं.

माझ्या खोलीत आल्यावर शालनताईंनी दार लोटलं आणि उभ्याउभ्याच सांगितलं. “सोयरीक आलीया हिला. आमच्यातलीच, मदुराईत दुकान हाय त्यांचं. चांगलं हाय सगळं. तर ही म्हणती, मला नवरा नको. कराडात हिच्या खोलीत एक अमृता म्हणून हाय, तिच्यासंगं ऱ्हायचंय म्हणती. बहिणीगत न्हवं मॅडम. नवराबायकोगत.”

“बरं.”

“बरं काय? खराडे डॉक्टरांनी चिठ्ठी दिली, म्हणले, बाईमाणसात पुरुषाचं हार्मोन वाढलं की असं व्हतं.”

“असं होत नाही, ताई.”

“मग कशानं व्हतं?”

“काही माणसं अशीच असतात. तुम्ही-मी जशा आहोत तशी तीही. हा आजार नाही, त्यामुळे याची तपासणीही नाही.”

शालनताईंनी मान हलवली. सरकारी कचेरीतल्या माणसानं काही सांगितलं की आपण हलवतो तशी. “आता आलोयच तर करून टाका,” त्या म्हणाल्या.

मी करून टाकल्या. रिपोर्ट काय येणार हे मला ठाऊक होतं. मला वाटलं, येऊ दे. छापील आकड्यांपुढे डॉक्टर खराड्यांची बडबड टिकायची नाही. दिवसभर आकड्यांत वावरणाऱ्या माणसाला असं वाटणं साहजिक आहे.

जाताजाता तेजलनं विचारलं, “मॅडम, आज पाळीचा अकरावा-बारावा दिवस आहे. चालतो ना?”

“काही हार्मोन दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघितलेले बरे असतात,” मी म्हणाले. “पण तुझ्या बाबतीत त्यानं काही बिघडत नाही.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मायलेकी रिपोर्ट घ्यायला आल्या. सगळं जिथल्या तिथं होतं. शालनताईंनी मदुराईला फोन लावला आणि स्पीकर सुरू करून माझ्या टेबलावर ठेवला.

“दोष न्हाई म्हंता?” हणमंतरावांचा आवाज आला. मागं कुठलं तरी मशीन चालू होतं.

“अजिबात नाही. तुमची मुलगी ठणठणीत आहे.”

“लई उपकार झाले मॅडम. मी भ्यालो हुतो. आजार असंल तर पोरीला बोलायचं कुठल्या तोंडानं? आता आजार न्हाई म्हंजे निस्ती थेरं हायत. थेरं मोडता येत्यात. शालन, पावण्यांना कळव. पुढच्या महिन्यात मी येतो, सुपारी फोडून टाकू.”

फोन बंद झाला. मी तेजलकडे बघितलं. ती रिपोर्टवरून बोट फिरवत प्रत्येक ओळ पुन्हा वाचत होती. उत्तरपत्रिकेत कुठं मार्क द्यायचे राहिलेत का बघावं तशी.

“एवढंच?” ती म्हणाली. “दुसरं काहीच नाही निघालं?”

*

काही आठवड्यांनी दोघी परत आल्या.

“दिवस चुकला व्हता म्हणं मागच्या खेपंला,” शालनताई म्हणाल्या. “पुन्हा करायच्यात.”

“कोण म्हणालं?”

त्या पिशवीतून मागचा रिपोर्ट काढायला लागल्या. मी मनातल्या मनात खराड्यांना शिव्या घातल्या. आई-बाप पोरीला असे फरपटत आणतात आणि खराडे चिठ्ठ्या लिहीत बसतात, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मी शालनताईंना बाहेर बसवलं आणि तेजलला आत घेतलं.

“हे बघ,” मी म्हणाले, “तू नाही म्हणालीस तर कुणी तुझं रक्त घेऊ शकत नाही. निदान इथं तरी नाही.”

“नको. घ्या की.”

“कशाला? मागच्या वेळी सगळं सांगितलं मी.”

“तुम्ही सांगितलंत. पण मी वाचलंय मॅडम. आईच्या पोटात असताना हार्मोन कमी-जास्त झाले तर—”

“ते आता रक्तात दिसणार आहे का? तू फार्मसी शिकतेस ना?”

ती म्हणाली, “नाहीतर मग होस्टेलची सवय असेल. आत्या म्हणते, पोरी पोरी एकत्र राहिल्या की लागते.”

“खोलीत किती जणी आहात?”

“चौघी.”

“तू आणि अमृता सोडून बाकीच्या दोघींना लागली का?”

तिला हसू आलं. “त्यांना पोरांचे मेसेज वाचायला वेळ पुरत नाही.”

“झालं तर मग.”

“मग मोबाइलमुळं असेल. बघण्यात आलं असेल काहीतरी.”

“काय बघितलंस?”

“काहीच नाही तसं.” ती अवघडली. “कळलं ते आधी. बघितलं मागून.”

असं बराच वेळ चाललं. एक समज काढावा तर त्याच्या मागं दुसरा उभा. करणी, कर्म, पित्तप्रकृती, लहानपणी मुलांचे कपडे घातल्याचा परिणाम. तिची आत्या, खराडे, कॉलेजातले एक सर आणि मोबाइल, सगळ्यांनी मिळून तिच्या डोक्यात एवढं भरलं होतं की मी एखादं तण उपटलं तरी रान तेवढंच दिसत होतं. माझा आवाज चढायला लागला होता. खरं म्हणजे मी कधी आवाज चढवत नाही. मी पाणी प्यायले आणि टेबलावरचा कोरा कागद ओढला.

“ठीक आहे. आजारच आहे असं धरू. मी डॉक्टर, तू पेशंट. लक्षणं सांग.”

“म्हणजे?”

“आजार म्हटला की लक्षणं आली. अमृता जवळ असली की काय त्रास होतो?”

“त्रास कसला?”

“ते तू सांगायचं. छाती दुखते? चक्कर येते?”

“काहीतरीच काय मॅडम.” तिनं ओढणीच्या टोकाला पीळ घातला. “परीक्षा आली की माझं जेवण सुटतं. ती ताट घेऊन समोर बसते. मी एक घास खाल्ला की ती एक पान वाचून दाखवते. घास नाही तर पान नाही. असं तिनं मला सगळं फार्माकॉलॉजी चारलंय.”

“लक्षण सांग म्हटलं मी.”

“हेच. मला असं वाटतं की हे असंच चालू राहावं.”

“झोप?”

“लागायची.”

“भूक?”

“सांगितलं की. व्यवस्थित.”

“आणि आता?”

“आता कुठली. रात्र रात्र जागी असते. पोटात गोळा येतो.”

“हे कधीपासून?”

ती सांगायला गेली आणि थांबली.

“घरी सांगितल्यापासून,” ती म्हणाली.

“म्हणजे अमृतापासून नाही.”

“नाही.”

मी कागद तिच्याकडे सरकवला. त्याच्यावर मी काहीच लिहिलं नव्हतं. मला वाटलं, झालं. एवढं स्वच्छ उत्तर तिनं स्वतःच्या तोंडानं दिलं, आता आणखी काय राहिलं?

“मॅडम,” ती हळूच म्हणाली, “एखादा आकडा वाढवाल?”

“काय?”

“टेस्टोस्टेरॉनचा. थोडासाच. आजार निघाला की आप्पा सहा महिने औषध देतील, लग्न पुढं ढकलतील. माझं शेवटचं वर्ष पार पडेल. कुणी थेरं म्हणणार नाही मला. आजारी म्हणतील. आजारी माणसाला कुणी मारत नाही.”

“मारलं का तुला?”

ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागली.

“हे बघ तेजल. मी खोटा आकडा लिहिला तर खराडे तुला गोळ्या सुरू करतील. धडधाकट शरीराला नसत्या गोळ्या. सहा महिन्यांनी त्या संपतील आणि तुला अमृता तेवढीच आवडत असेल. मग काय करशील? आपला आजार बरा न होणाऱ्यातला आहे असं समजशील. आणि त्या कागदावर माझी सही असेल.”

“पण तोवर सहा महिने मिळतील.”

“मी नाही लिहिणार.”

“मग तुम्ही काय कामाच्या?” ती म्हणाली. उद्धटपणे नाही. दुकानदाराला, मग हे कुठं मिळेल, विचारावं तसं.

कॉलेजातल्या एखाद्या खमक्या मैत्रिणीला घेऊन ये, हेल्पलाइनचा नंबर देते, पुण्यात ओळखीच्या समुपदेशक आहेत, असं मी पुष्कळ सांगितलं. नंबर तिनं घेतला. मग बाहेर जाऊन नसीमासमोर दंड पुढं केला. मी नको म्हणेपर्यंत पट्टा बांधूनही झाला होता.

“काहीतरी निघू दे,” ती नसीमाला म्हणाली.

नसीमानं नळी भरली, कापूस दाबून धरायला दिला आणि नंतर माझ्याजवळ येऊन पुटपुटली, “पास व्हायला नवस करत्यात पोरी. ही नापास व्हायला करतीया.”

रिपोर्ट पहिल्यासारखाच आला.

*

हणमंतराव आले ते सुपारीच्या आदल्या दिवशी. उंच, शांत माणूस. भट्टीपुढं वर्षानुवर्षं बसून हातांवरचे केस जळून गेलेले. मला वाटलं होतं तसे ते अजिबात नव्हते. आत येताना त्यांनी चपला बाहेर काढल्या, नसीमाला नमस्कार केला आणि लेकीसाठी पंखा सुरू करायला सांगितलं.

“शेवटची तपासणी, मॅडम,” ते म्हणाले. “आज दिवस बरोबर हाय म्हणत्यात.”

“आता नाही करणार मी,” मी म्हणाले. शालनताई आणि तेजल बाकावर बसल्या होत्या. मी मुद्दामच सगळ्यांसमोर बोलत होते. “दोनदा केली. दोन्ही वेळा काही निघालं नाही. शंभरदा केली तरी निघणार नाही, कारण आजारच नाही.”

“तेच तर. पण आमच्या धंद्यात बी असंच असतं बघा. सोनं किती चोख हाय ते काढतो आमी. शंका ऱ्हायली की पुन्हा काढायचं.”

“आणि दुसऱ्यांदाही तेच आलं तर?”

“तर ते खरं धरायचं.”

“मग धरा की, हणमंतराव. दोनदा तेच आलंय.”

ते हसले. बाई हुशार आहे, असं काहीसं त्या हसण्यात होतं. “धरलं की. माझी पोर चोख हाय, हेच मी म्हणतोय. मॅडम, भेसळीचं सोनं ठोकलं की चिरतं. चोख सोनं मऊ असतं. वळवावं तसं वळतं.”

शुद्ध सोनं मऊ असतं, हे खरंच आहे. मी एवढ्या हौसेनं त्यांना त्यांच्याच धंद्यात पकडायला गेले आणि त्यांनी माझाच रिपोर्ट माझ्यापुढं वाकवून दाखवला. आज इतक्या वर्षांनीही ते वाक्य आठवलं की माझे दात आवळले जातात.

“मुलगी म्हणजे सोनं नाही,” मी म्हणाले. मलाच ते फुसकं वाटलं.

“ते बी खरं,” ते समजुतीनं म्हणाले.

“दोष नाही हे तुम्हाला पटलंय, तर मग तिला परत परत टोचायला का आणता?”

“मी?” हणमंतरावांना खरोखर नवल वाटलं. “मी कशाला आणीन? हीच आईच्या मागं लागती. दिवस चुकला, येळ चुकली, पुन्हा बघू. मी म्हणलं, लेकीच्या मनात शंका नको ऱ्हायला. उद्या सासरी गेल्यावर म्हणायची, आप्पांनी नीट बघितलं न्हाई.”

मी तेजलकडे वळले. पाळीच्या दिवसाची गोष्ट मीच तिला सांगितली होती. खराड्यांनी दुसरी चिठ्ठी लिहिलीच नव्हती. तीच स्वतःला इथं आणत होती, दर खेपेला थोडे दिवस मिळवत होती, आणि दर खेपेला आशेनं वाट बघत होती की आपल्यात काहीतरी बिघडलेलं निघेल.

ती माझी नजर चुकवत उठली, रक्त घ्यायच्या खुर्चीत जाऊन बसली आणि तिनं बाही वर सारली. नसीमानं पट्टा उचलला. माझ्याकडे बघितलं. काय बोलायचं होतं तेवढं सगळं माझं बोलून संपलं होतं, आणि त्यातला एक शब्द कुणाच्या उपयोगाचा झाला नव्हता.

“मूठ आवळ,” नसीमा म्हणाली.

तेजलनं मूठ आवळली नाही. स्वतःच्या कोपराच्या खळगीत मागच्या सुईची खूण शोधत असल्यासारखी ती बराच वेळ बघत राहिली. तिथं काही उरलं नव्हतं.

“नको, नसीमाकाकी,” ती म्हणाली. तिनं बाही खाली केली, मनगटापर्यंत ओढली आणि बटण लावलं. “आप्पा, दोष निघाला असता तर मी औषध घेतलं असतं. जन्मभर घेतलं असतं. मला तेच पाहिजे होतं.”

“मग घे की तपासून. कोण नको म्हणतंय?”

“दोनदा घेतलं. मॅडम सांगत होत्या तरी घेतलं, कारण तुम्ही सगळे म्हणता म्हणून मलाही वाटत होतं. माझ्यात काही खराब नाही. थेरं पण नाहीत. अमृताबरोबर असताना मला झोप लागते, भूक लागते. इथं येऊन सगळं गेलं.” ती वडिलांकडे सरळ वळली. “मी त्या घरात जाणार नाही. वळणार नाही मी, आप्पा.”

“कुणी शिकवलं हे?” त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

“शिकवलेलं असतं तर पहिल्याच खेपेला बोलले असते,” तेजल म्हणाली.

हणमंतरावांचा चेहरा काळवंडला. हात उचलतील असं मला वाटलं, आणि मी टेबलाच्या पुढं आले. त्यांनी हात उचलला नाही.

“उद्या माणसं यायची हायत,” ते म्हणाले. “गाडी काढतो. दोघी बाहेर या.”

चपलांचा आवाज पायऱ्यांवरून खाली गेला. तेजल खुर्चीतच बसून होती. दोन्ही हात तिनं मांडीवर घट्ट धरले होते. मी म्हणाले, “तू इथं थांबू शकतेस,” आणि म्हणतानाच मला कळत होतं की किती वेळ, कुणाच्या आधारानं, हे मला सांगता येणार नाही.

तेव्हा शालनताई बाकावरून उठल्या. त्या दिवशी त्यांनी एक अवाक्षर काढलं नव्हतं. त्यांनी पदर खोचला, लेकीच्या शेजारचं स्टूल ओढलं, त्याच्यावर बसल्या आणि आपला हात नसीमासमोर धरला.

“माझी साखर बघा,” त्या म्हणाल्या.

नसीमा गोंधळली. “उपाशी हायसा का?”

“कालपास्नं घास उतरतोय कुणाला?”

नसीमानं पट्टा बांधला. शीर सापडायला वेळ लागला. सुई आत गेली तेव्हा शालनताईंनी डोळे मिटून घेतले, आणि दुसऱ्या हातानं तेजलचं मनगट पकडलं.

“जेवल्यावर परत द्यावं लागतं न्हवं?” त्यांनी विचारलं.

“व्हय. जेवल्यापास्नं दोन तासांनी.”

“तवर इथंच बसायचं असतं?”

लोक घरी जातात, कामं उरकून परत येतात. कुणी इथं बसत नाही. मी ते सांगायला तोंड उघडलं होतं.

“इथंच,” नसीमा ठामपणे म्हणाली. “हालायचं न्हाई. न्हाईतर आकडा चुकतो.”

मी तोंड मिटलं.

नसीमानं आपला डबा आणून उघडला. बाजरीची भाकरी होती आणि दोडक्याची भाजी. शालनताईंनी भाकरी मोडली, अर्धी लेकीच्या हातात दिली. खालून गाडीचा हॉर्न वाजला. तेजल दचकून उठायला गेली. आईनं तिचा हात सोडला नाही.

“खा,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं वळल्या. “मॅडम, तुमी त्या पयल्या दिवशी सांगत हुता. मी ऐकलं न्हाई, मान हालवली निस्ती. आता सांगा. डॉक्टर सांगत्यात तसं नको, मला समजंल असं सांगा. ही अशी का हाय, पुढं हिचं कसं व्हायचं, हिला कोण संभाळायचं, सगळं. मला कळल्याबिगर आमच्या घरात सुपारी फुटायची न्हाई.”

मी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. हॉर्न पुन्हा वाजला, या वेळी लांबलचक.

“वाजू दे,” शालनताई म्हणाल्या आणि घास तोंडात घातला. “तुमी सांगा.”